हरकुळणे या शब्दाचे वडील

नळ गळत होता, एवढंच. नळ गळतो म्हणून शब्दकोश मंडळात खेटे घालायची पाळी आजवर कोणावर आली नसेल. पण नानांचं सगळंच जगावेगळं. रविवारची सकाळ होती. स्वयंपाकघरातला नळ टप टप करत होता आणि नाना बाह्या सरसावून, हातात पाना घेऊन ओट्यापाशी उभे राहिले होते. सून मागून आली, तिनं सासऱ्यांच्या हातातला पाना अलगद काढून घेतला आणि म्हणाली, "बाबा, राहू दे. प्लंबरला सांगितलंय. तुम्ही उगीच हरकुळू नका."

हरकुळणे म्हणजे काय, हे त्या गावात कोणाला समजावून सांगावं लागत नसे. मदतीला म्हणून जावं, अगदी मनापासून जावं आणि होतं त्याच्या दुप्पट काम वाढवून यावं, याला हरकुळणे म्हणत. दाताचा डॉक्टर आधीच्या डॉक्टरनं भरलेली दाढ बघून "कोणी हरकुळलीय ही?" असं विचारी. वर्तमानपत्रात "रस्त्याचे काम पुन्हा हरकुळले" असा मथळा येई. शाळेतली पोरं एकमेकांना हरकुळ्या म्हणत. शब्द कसा अगदी अंगवळणी पडला होता. तो आला कुठून, हे विचारायची गरज कोणाला वाटली नव्हती. चमचा कुठून आला हे तरी कोण विचारतं?

पण नानांना ठाऊक होतं. त्यांनी हात पुसले, खुर्चीवर बसले आणि जरा घसा साफ करून म्हणाले, "सूनबाई, ज्या शब्दानं तू मला आत्ता गप्प केलंस ना, तो शब्द माझा आहे."

"तुमचा म्हणजे?"

"म्हणजे माझ्यावरून पडलाय."

सून हसली. तिचं तरी काय चुकलं? कोपऱ्यावरच्या बसथांब्याला छप्पर आपणच सुचवलं, पोस्टातली रांग आपल्याच पत्रामुळे सरळ झाली, असं नाना अधूनमधून सांगत असत. त्यात आता एक शब्द. ती म्हणाली, "उद्या म्हणाल, चहासुद्धा तुमच्यावरूनच."

आता खरी हकिगत सांगायला हवी. फार वर्षांपूर्वी, घरोघर टीव्ही नव्हते तेव्हा, एक मालिका लागायची. तिचं नाव आज कोणालाही आठवत नाही, आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तेच आहे. तीत हरकुळे नावाचा एक शेजारी होता. काळी टोपी, जाड भिंगांचा चष्मा, झुबकेदार मिशी आणि खांद्यावर कायम शिडी. कोणाच्या घरी काही बिघडलं की हरकुळे "मी आहे ना" म्हणत दारात हजर. मग तो वळायचा, त्याच्याबरोबर शिडी वळायची आणि भिंतीवरचं एकूण एक खाली यायचं. तो हरकुळे म्हणजे आपले नाना. तेव्हा ते पाणीपुरवठा खात्यात कारकून होते आणि कचेरीच्या नाटकातून त्यांना कोणीतरी उचललं होतं. मालिका थोडे दिवस चालली, संपली, लोक विसरले. हरकुळे मात्र जिभेवर राहिला. आधी "हरकुळे झालाय नुसता", मग "हरकुळेगिरी", आणि मग त्याचं सरळ क्रियापदच झालं. पात्र गेलं, मालिका गेली आणि शेपटीला णे लावून शब्द तेवढा गावभर हिंडत राहिला.

याला घरात साक्षीदार म्हणाल तर एकही नाही. मालिका लागायची तेव्हा नानांची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि माहेरी टीव्ही नव्हता. मुलगा साक्ष देईल म्हणावं, तर तो त्याच बाळंतपणातला. शिवाय मालिकेच्या शेवटी नावं यायची त्यात नाना "आणि इतर" मध्ये होते. बायकोनं आयुष्यभर नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, पण त्याचं कारण वेगळं होतं. ती म्हणायची, "मी मालिका कशाला बघायला हवी? मी नांदतेय त्याच्याबरोबर."

सून अशा कारणांवर ऐकणारी नव्हती. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि रिपोर्ट हातात आल्याशिवाय तिला कोणाचा तापसुद्धा मान्य नसे. "बाबा, शब्दकोशात दाखवा, मी मानीन," ती म्हणाली आणि पाना खणात ठेवून खणाला कुलूप लावलं.

ती गमतीनंच म्हणाली होती. पण नानांना ते लागलं, आणि चांगलंच लागलं. सुनेचा राग आला असं नव्हे. सून त्यांची लाडकी होती. त्यांना वाईट वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. उभा जन्म फायलींवर शेरे मारण्यात गेला. त्यातला एकही शेरा आज कोणाला पाठ नाही. सगळ्या आयुष्यात एकच गोष्ट मागे राहण्यासारखी झाली, आणि ती आपली आहे हे आपल्याच घरात कोणी मानत नाही. वर तीच गोष्ट दिवसातून चारदा आपल्याच तोंडावर फेकली जाते. नानांनी त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून त्यांना आणखी वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली: शब्दकोश मंडळ कोशाची नवी आवृत्ती काढतंय. नानांनी बातमी कापली, खिशात घातली आणि इमारतीत सल्ला विचारायला निघाले. त्यांनी तेवढं करायला नको होतं.

वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "नाना, नुसता शब्द मागू नका. हक्क मागा. तुमच्या परवानगीशिवाय कोणी हरकुळता कामा नये." आणि त्यांनी तिथल्या तिथे एक प्रतिज्ञापत्र लिहून काढलं. त्यात "मी, खाली सही करणारा, मूळचा हरकुळे" असं वाक्य होतं. समोरच्या काकूंचं मत बरोबर उलटं. "अहो भाऊजी, लोक तो शब्द नावं ठेवायला वापरतात. तुम्ही होऊन कशाला कबूल करताय? माणूस असलं काही अंगावर आलं तर झटकतो, आणि तुम्ही उठून मागायला निघालात." नानांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि दोघांचंही काही ऐकलं नाही.

शब्दकोश मंडळाची कचेरी एका जुन्या ग्रंथालयाच्या माडीवर होती. दारात एक कारकून बसला होता. त्यानं नानांपुढे छापील अर्ज सरकवला. नाना हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. अर्ज पाहून त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. भराभर रकाने भरत ते एका रकान्यापाशी अडले. "अर्जदाराचे शब्दाशी नाते", असं तिथं छापलं होतं. नानांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं: वडील.

कारकुनानं अर्ज वाचला, नानांकडे पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला. "इथं वाचक, शिक्षक, अभ्यासक असं काहीतरी लिहायचं असतं. रक्ताचं नातं चालत नाही."

"मग दुसरं काय लिहू? अभ्यासक लिहिलं तर ते खोटं होईल."

खोटं लिहायला नाना तयार नव्हते आणि खरं घ्यायला कारकून. शेवटी कंटाळून त्यानं त्यांना आत पाठवलं.

आत प्रमुख संपादक आणि सहसंपादिका बाई समोरासमोर बसले होते आणि, योगायोग पाहा, भांडण त्याच शब्दावरून चाललं होतं. प्रमुख संपादकांचं म्हणणं, शब्द उघडउघड संस्कृत आहे. हर्ष, त्यावरून हरख, त्यावरून हरकणे, आणि हर्षानं आकुळ होऊन माणूस काम बिघडवतो तेव्हा तो हरकुळतो. बाईंचं म्हणणं, छे, परदेशी पुराणात एक अचाट बलवान वीर आहे, त्याच्या नावावरून आपल्याकडे शाळामास्तरांनी हा शब्द आणला. अचाट काम करणे असा मूळ अर्थ, आणि आपल्या लोकांच्या हाती पडल्यावर काम बिघडवणे असा झाला. शिवाय क्रियापद सकर्मक की अकर्मक यावरही दोघांचं वाजलं होतं. नळ हरकुळला म्हणायचं, की माणूस हरकुळला?

"दोन्ही होतात," नाना दारातून म्हणाले. "आधी माणूस हरकुळतो, मग नळ."

दोघांनी वर पाहिलं. नानांनी सगळी हकिगत सांगितली. मालिकेचा विषय निघताच प्रमुख संपादक का कोण जाणे एकदम ताठ झाले. "आमच्या घरी टीव्ही नव्हता," ते म्हणाले, "आणि आजही नाही. मालिकेतून भाषा घडत नसते, गृहस्थ. भाषा घडायला शतकं लागतात."

"ही रविवारी घडली," नाना म्हणाले. "संध्याकाळी लागायची."

"पुरावा आणा. पुढच्या बैठकीत ठेवू."

नाना टीव्ही केंद्रावर गेले. तिथल्या भांडारपालानं त्यांना अदबीनं बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की त्या काळी टेप मिळत नसत, म्हणून जुन्यावरच नवं भरायचे. नानांच्या मालिकेवर शेतीच्या कार्यक्रमातली एक चर्चा भरलेली होती. "विषय काय होता?" नानांनी उगीचच विचारलं. "पिकावरची कीड," भांडारपाल म्हणाला. आपल्या उमेदीच्या दिवसांवर कीड बसलेली आहे हे ऐकून नानांनी चहा तसाच ठेवला आणि ते उठले.

पुरावा म्हणून आता त्यांच्याकडे ते स्वतः तेवढे उरले. वकिलांनी सल्ला दिला की मग स्वतःच हजर व्हा, मूळ वेषात. टोपी माळ्यावर सापडली. चष्मा चालला. मिशी मात्र नाटकवाल्याकडून आणावी लागली आणि ती जरा लाल निघाली. शिडी न्यायची की नाही यावर इमारतीत दोन तट पडले. "ती नेलीत तर मी घरात पाऊल ठेवू देणार नाही," असं बायकोनं सांगितलं, तेव्हा कुठं तो प्रश्न मिटला. सून दारात उभी राहून हे सगळं बघत होती. सासऱ्यांच्या टोपीवरची कोळिष्टकं तेवढी तिनं झटकून दिली. नानांना वाटलं, हिला आपली कीव येतेय. तो विचार घेऊनच ते बसमध्ये चढले, आणि मिशी लावलेली आहे हे विसरून वाटभर लोकांकडे रागानं बघत राहिले.

बैठकीला मंडळी जमली. मध्ये लांब टेबल आणि भिंतीला लागून लाकडी कपाट. त्याला लहान लहान खण आणि प्रत्येक खणात एकेका अक्षराची कार्डं. एका कार्डावर शब्द आणि त्याचा अर्थ, शेजारच्या कार्डावर उगम. पंचवीस-तीस वर्षांचं काम त्या कपाटात होतं. प्रमुख संपादकांनी नानांच्या वेषाकडे एकदा पाहिलं आणि घाईघाईनं नजर वळवली. "ह चा खण काढा," त्यांनी कारकुनाला सांगितलं.

ह चा खण अडकला होता. कारकुनानं ओढला. बाईंनी हलवून बघितला. कोणी म्हणालं सुतार बोलवा, कोणी म्हणालं तेल घाला.

नानांना उठायचं नव्हतं. आज उठायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, असं ते घरून ठरवून आले होते. पण अडकलेला खण समोर दिसत असताना हात मांडीखाली धरून बसणं हे सगळ्यांनाच जमतं असं नाही. "सरा," ते म्हणाले. "मी आहे ना."

त्यांनी एक पाय कपाटाला लावला आणि ओढलं. खण निघाला. त्याच्याबरोबर वरचे दोन आणि खालचा एक निघाला. नाना मागं गेले ते टेबलावर, टेबलावरची चहाची किटली गेली खुर्चीवर, आणि शतकांनी घडवलेली भाषा जमिनीवर सांडली. नाना त्या ढिगाच्या मधोमध बसले होते. टोपी कानावर आली होती आणि मिशीचं एक टोक सुटून हनुवटीवर लोंबत होतं.

"झालं. हरकुळलं," कारकून सवयीनं म्हणाला.

आणि त्याच वेळी प्रमुख संपादक उभे राहिले, बोट दाखवत म्हणाले, "अहो, हे तर ते शिडीवाले!"

बाईंनी चष्मा काढून प्रमुखांकडे पाहिलं. "तुमच्या घरी टीव्ही नव्हता ना?"

"नव्हताच," ते म्हणाले, आणि खाली बसले. "शेजाऱ्यांकडे होता. त्यांची खिडकी आमच्या व्हरांड्यातून दिसायची." मग जरा वेळानं, खालच्या आवाजात: "त्या लग्नघरात मांडव पाडलात तुम्ही, त्या दिवशी मी हसून हसून व्हरांड्यातून पडलो होतो."

पुढचं सगळं पटकन झालं. प्रमुख संपादकांनी हर्ष सोडला, बाईंनी वीर सोडला. प्रमुखांनी नव्या कार्डावर स्वतःच्या हातानं उगम लिहिला आणि नानांना वाचून दाखवला: "एका जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रावरून. ते काम करणारे गृहस्थ हयात आहेत." नानांचे डोळे भरून आले. एवढं शांतपणे आणि एवढ्या कमी शब्दांत त्यांच्याविषयी आजवर कोणी चांगलं लिहिलं नव्हतं. शब्दाचं कार्ड वेगळं आणि उगमाचं वेगळं असायचं. दोन्ही टाचणीनं जोडायची, एवढंच बाकी होतं. जमिनीवर मात्र अजून ढीग पडलेला. जाता जाता असं टाकून जाणं नानांना बरं वाटेना.

"तुम्ही चहा घ्या," ते म्हणाले. "हे लावायला मी आहे ना."

कोश छापून यायला पुढं बरेच महिने लागले. तेवढ्यात नानांनी इमारतीत, बाजारात आणि पेन्शनच्या रांगेत सगळ्यांना सांगून ठेवलं. वकिलांनी इमारतीच्या गच्चीवर छोटासा समारंभ ठरवला. सगळ्या बिऱ्हाडांतली माणसं आली. समोरच्या काकू पहिल्या रांगेत. सून लॅबमधून थेट आली आणि बायकोच्या शेजारी बसली. नाना इस्त्रीचा शर्ट घालून मधल्या खुर्चीत बसले होते. कोशाची जाडजूड प्रत मंडळानं भेट पाठवली होती. नानांनी ती उघडून बघितली नव्हती. सगळ्यांबरोबरच ऐकायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

वकिलांनी पान शोधलं, खाकरले आणि कोर्टातल्या आवाजात वाचलं: "हरकुळणे. मदत करण्याच्या भरात काम बिघडवणे. उगम: हलका या शब्दावरून, हीन वृत्तीच्या माणसास उद्देशून." ते थांबले. "इथं काहीतरी गडबड आहे. तुमचं कुठं गेलं?"

"पुढं बघा," नाना म्हणाले.

वकिलांनी पानं उलटली. हरताळ आला, हरिण आलं. मग ते एकदम थबकले. पुस्तक मिटावं असं त्यांना वाटलं असावं, पण जन्मभराची सवय; हातात आलेला कागद त्यांना वाचल्याशिवाय ठेवता येत नसे. "हलकट," त्यांनी वाचलं. "नीच, लबाड मनुष्य. उगम: एका जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रावरून. ते काम करणारे गृहस्थ हयात आहेत."

समोरच्या काकूंनी हळूच म्हटलं, "तरी मी सांगत होते." नानांची मान खाली गेली. कार्डं आपणच लावली, टाचण्याही आपणच मारल्या, हे त्यांना लख्ख आठवलं. कोणाला दोष द्यायची सोय नव्हती. पुढची आवृत्ती निघेपर्यंत, म्हणजे बहुधा त्या 'हयात' शब्दाचीही दुरुस्ती करायची वेळ येईपर्यंत, ते आता असेच छापलेले राहणार होते.

तेवढ्यात कोणीतरी हसलं. सून होती. आधी तिनं पदर तोंडाशी धरला, मग तो सुटला, मग ती खुर्चीचा हात धरून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि सासूबाईही तिला सामील झाल्या. नाना उठले. असला अपमान बसून घेण्यापेक्षा जिना उतरलेला बरा.

"बाबा, थांबा," सून म्हणाली. डोळे पुसत ती पुढं आली. "ही कार्डं कोणी लावली होती?"

"मी," नाना म्हणाले.

"कोणी सांगितलं होतं लावायला?"

"कोणी नाही. मीच म्हटलं."

"मग अजून कसला पुरावा हवाय?" ती म्हणाली. "हे दुसऱ्या कोणाला जमलंच नसतं, बाबा. स्वतःचंच मूळ स्वतः हरकुळून ठेवायचं म्हणजे माणूस अस्सलच हवा. पटलं मला. तो शब्द तुमचाच."

तिनं वकिलांच्या हातून पुस्तक घेतलं आणि पर्समधली पेन्सिल काढली. हरकुळणेचं पान उघडलं, चुकीच्या ओळीवर काट मारली.

"आण इकडे," नाना पुढं झाले. "मी लिहितो नीट. मी आहे..."

"नाही, बाबा. तुम्ही बसा," ती म्हणाली आणि पुस्तक दुसऱ्या बाजूला धरलं.

नाना बसले. तिनं लिहून झाल्यावर पान त्यांच्यापुढे धरलं. नानांनी चष्मा वर केला, खाली केला. उगमाच्या जागी बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: आमच्या बाबांवरून.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग ते समोरच्या काकूंकडे पुस्तक घेऊन गेले आणि त्यांनाही वाचायला दिलं.